कडीजवळची गाठ

“गाठ सोडायला आलोय,” उंबऱ्याबाहेरून तो माणूस म्हणाला आणि आत्याबाईंच्या हातून तेलाची बुधली पडली.

भर दुपार होती. देवळात आम्ही दोघीच होतो आणि मी वाती वळत बसले होते. बुधली पडल्याचं मला नवल वाटलं, कारण आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, हातून कधी काही पडत नसे. त्या गाठाईच्या गाठकरीण. कौंडल शहरात त्यांच्या हातांना देवीच्या खालोखाल मान होता. माझ्या हातांना मान नव्हता, पण काम भरपूर होतं. मी फडकं आणून तेल पुसायला घेतलं आणि पुसता पुसता मीच विचारलं, “नाव सांगा दादा. कुठले तुम्ही?”

“हिराजी. खाली मुरंब्याचा. गाठ बायकोनं मारलीय, शेवंतीनं. पिवळी चिंधी असेल बघा तिला.”

रीतीप्रमाणे त्यानं तोंडाला पंचा गुंडाळला होता. नुसते डोळे दिसत होते आणि ते हसत होते. पिवळ्या चिंधीची गाठ दोरावर नव्हती. माझी लेक चंदी पोटात होती तेव्हाच ती सुटली होती, आणि सोडणारी शेवंतीच होती.

कौंडल डोंगरावर आहे आणि मुरंबे खाली दर्याकाठी. दोन्ही शहरांची देवी एकच, गाठाई. तिच्या दगडी मुठीतून एक दोर निघतो आणि भिंतीतल्या लोखंडी कड्यांतून ओवत ओवत सगळ्या देवळाला वेढा घालतो. कोणी दर्यावर निघाला की त्याच्या घरची बाई वर येऊन त्याच्या नावानं दोरावर निरगाठ मारते. माणूस जिता आहे तोवर गाठ उबदार असते. गाठकरीण रोज सकाळी दोरावरून हात फिरवते. एरवी दुसऱ्या कुणी दोराला हात लावायचा नाही. एखादी गाठ गार लागली की त्या घरी गार पाण्याचा तांब्या जातो. नेणारा काही बोलत नाही, दारात तांब्या ठेवतो. बाई त्याला हात लावते आणि समजायचं ते समजते. मग त्याच दिवशी वर येऊन तिनं गाठ सोडायची. ठेवायची नाही, कारण गार गाठीचा गारवा शेजारच्या गाठीला लागतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

जो परत येतो तो मात्र स्वतःच्या हातानं आपली गाठ सोडतो, आणि ती सोडल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. दर्या माणसाला असा काही रापवतो, वाळवतो की जन्मदात्या आईला ओळख पटू नये. म्हणून देवळात तोंड बघत नाहीत. ज्याच्या हातानं गाठ सुटली तो त्या गाठीचा धनी. त्यापुढे कुणी हूं की चूं करायचं नाही, बायकोनंसुद्धा.

हा हिराजी जिता होता, पण त्याची गाठ सुटलेली होती. म्हणजे गाठाईच्या लेखी तो मेला होता.

“आत या, ओवरीत सावलीला बसा,” मी म्हटलं. “दोर मोठा आहे. शोधायला वेळ लागेल.”

“लागू दे की,” तो म्हणाला. “गलबत फुटलं, परक्या बेटावर लोकांची गुरं राखली, आता कुणाच्या तरी होडीतून आलो. बंदरावरनं थेट वर आलोय, घराकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. एवढा धीर धरला, त्यात आणखी घटकाभर.”

मी त्याला पाणी दिलं आणि आत आले. आत्याबाई देवीकडे पाठ करून बसल्या होत्या. मला शेवंती आठवत होती. तांब्या पोचला त्या दिवशी ती अनवाणी धावत वर आली होती. पायऱ्यांवर लोळली. मग उठून तिनं आत्याबाईंचे पाय धरले आणि म्हणाली, “पुन्हा एकदा हात लावून बघा. माझ्यासाठी एकदाच.” आत्याबाईंनी पुन्हा हात लावला. डोळे मिटून बराच वेळ लावला आणि मान हलवली. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मीच तिला पाणी पाजलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडे बघताना माझ्या मनात एकच विचार होता: बरं झालं, माझा राणू सुखरूप आहे. राणू म्हणजे माझा नवरा, आत्याबाईंचा एकुलता एक लेक. तोही त्याच वर्षी दर्यावर गेलेला. आत्याबाई रोज सकाळी दोरावरून हात फिरवून आल्या की न विचारता सांगायच्या, “गरम आहे गं. तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखी.” तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

“आत्याबाई,” मी हळू आवाजात म्हटलं, “तुमच्या हातांना कळेनासं झालंय का? वय झालं, होतं असं. पण मग आणखी किती जणींना तांब्या गेला असेल...”

“माझे हात धडधाकट आहेत,” त्या म्हणाल्या.

“मग तो बाहेर बसलाय तो कोण?”

त्या उठल्या. माझं मनगट धरून त्यांनी मला दोराच्या पार टोकाशी नेलं, शेवटच्या कडीपाशी. तिथे वीतभर दोर मोकळा होता. उंदरानं कुरतडलाय, तिथं कुणी गाठ मारू नका, असं त्या सगळ्यांना सांगत. त्या मोकळ्या जागेच्या आणि कडीच्या मधोमध एकच गाठ होती. निळा मणी ओवलेली. तो मणी माझ्याच गळ्यातला होता.

“लाव हात,” आत्याबाई म्हणाल्या.

“मला कसं चालेल?”

“लाव म्हणते ना.”

मी हात लावला. विहिरीच्या आतल्या दगडाला हात लावावा तशी ती गाठ होती. मी हात काढून पुन्हा लावला. मग दुसरा लावला. शेवंती म्हणाली होती तसंच माझ्याही तोंडून निघालं, “पुन्हा एकदा बघा ना तुम्ही.”

“रोज बघते,” त्या म्हणाल्या. “तुला सातवा लागला होता गं साळू. आधीची दोन गेलेली. हेही जाईल या धसक्यानं... म्हटलं बाळंतपण होऊ दे, मग सांगू. चार दिवसांनी शेजारची, पिवळ्या चिंधीची, गार लागली. मला वाटलं, दोघं एकाच वादळात गेले असतील. एकाच मोसमात तर निघालेले. गारवा लागला असेल हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं. पण तसं म्हटलं असतं तर कुणाचा गारवा, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी स्वतःला समजावलं की हीसुद्धा खरीच गार आहे.”

“आणि चंदी झाल्यावर?”

“चंदी झाल्यावर तू हसायला लागलीस.”

मला रडू फुटलं नाही. मी मोकळ्या दोराकडे बघत राहिले. माझा नवरा केव्हाच गेला होता आणि मी इतके दिवस कुंकू लावून, सणाला गोडधोड करून, पोरीला ‘बाबा येणार’ म्हणून झोपवत होते. ते सगळं सुख शेवंतीच्या घरातून उचलून आणलेलं होतं. उचललं मी नव्हतं, पण खाल्लं मी होतं. राणूसाठी दुःख व्हायच्या आधी मला लाजच वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. त्याच्यासाठी रडायचं होतं तर तेवढीही मोकळीक मला आत्याबाईंनी ठेवली नव्हती.

“त्याला सांगायला हवं,” मी म्हटलं.

“सांग,” आत्याबाई खाली बसल्या. “माझ्यानं होणार नाही.”

मी बाहेर जाऊन सांगितलं. काही लपवलं नाही. त्याच्या डोळ्यांतलं हसू कधी मावळलं ते मला कळलं नाही. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, “शेवंती?”

“तिनं पुन्हा घर केलंय. तिकडचाच आहे, मासेमारी करतो, विठू नाव. भला माणूस आहे म्हणतात. मुलगा झालाय.”

“तान्हा?”

“रांगत असेल आता.”

पुढचं मला सांगायची गरज नव्हती, त्यालाही आमच्या रीती माहीत होत्या. आत्याबाईंनी चूक जाहीर केली तर हिराजी जिता ठरणार, आणि हिराजी जिता ठरला की शेवंतीचं दुसरं लग्न लग्नच राहत नाही. पोराला बापाचं नाव मिळणार नाही, मुरंब्यात त्याला उभ्या जन्मात कुणी गलबतावर घेणार नाही, त्याच्यासाठी दोरावर कुणी गाठ मारू शकणार नाही. आणि जाहीर केली नाही, तर हिराजीनं मेलेला माणूस म्हणून दिवस मावळायच्या आत दोन्ही शहरांच्या शिवेबाहेर जायचं.

“दादा, तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हटलं. “तुम्ही म्हणालात तर मी आत्ता घंटा वाजवते आणि चारचौघांत सांगते. आमचं काय व्हायचं ते होऊ दे.”

त्यानं बराच वेळ गुडघ्यावरचं मीठ नखानं खरवडलं. मग म्हणाला, “ती गाठ अजून तशीच आहे? तुमच्या माणसाची?”

“आहे.”

“मग आधी त्याला सोडवा वहिनी. मेलेल्या माणसाला असं टांगून ठेवू नये. माझं मागाहून बघू.”

परक्या माणसानं हे सांगावं लागलं. मी आत जाऊन गाठीला हात घातला आणि सुटेना. मीच मारलेली निरगाठ, जीव तोडून आवळलेली. वर देवळातली ओल आणि तेलाचा थर बसून ती पार गारगोटी झाली होती. माझं एक नख उपटलं तरी ती हलली नाही. मग मात्र मला रडू आलं. राणू गेला म्हणून आलं की गाठ सुटत नाही म्हणून, ते आजही सांगता येणार नाही.

“सरा जरा,” मागून हिराजी म्हणाला. “आमचं रोजचं काम आहे हे.”

त्यानं कमरेची टोकदार सळई काढली आणि गाठीच्या पोटात हलकेच घातली. “मी सैल करतो, तुम्ही ओढा. शेवटचा फेरा तुम्हीच काढायचा, तुमचा मान आहे.” आम्ही दोघं वाकून काम करत होतो. एक फेरा सुटला. दुसरा सुटला. उरला तो शेवटचा. त्यानं तो माझ्यासाठी बोटावर उचलून धरला आणि मी हात पुढे केला.

माझा हात मध्येच अडला. आत्याबाईंनी मनगट धरलं होतं. म्हातारीच्या अंगात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. मी हिसका मारला तशी त्यांच्या दुसऱ्या हाताची थाप हिराजीच्या बोटांवर बसली, फेरा निसटला, निळा मणी फरशीवर टणटणत गेला आणि दोर सरळ झाला.

आत्याबाईंनी घंटेचा दोरा ओढला. “आला!” त्या ओरडल्या. “माझा राणू आला!”

पुढचं सगळं अगदी झटकन झालं. घंटा ऐकून फुलवाल्या, पाणके, ओवऱ्यांतले यात्रेकरू धावत आले. त्यांना काय दिसलं? सुटलेला दोर आणि त्यावर एका पुरुषाचा हात. “आला, आला!” सुरू झालं. कुणी त्याच्यावर पाणी ओवाळलं, कुणी माझ्या कपाळी मळवट भरला. मला ओरडून सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मी आधी त्याच्याकडे बघितलं, कारण सांगायचा पहिला हक्क त्याचा होता. ‘मी राणू नाही’ एवढं तो म्हणाला असता तरी पुरे होतं.

तो आत्याबाईंकडे बघत होता. त्या हात जोडून उभ्या होत्या. लोकांना वाटलं देवीला जोडलेत. मग त्यानं वाकून मणी उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“होय आई,” तो म्हणाला. “आलो.”

त्यानंतर त्यानं तोंडावरचा पंचा सोडला. राणू गोरा होता, लांबट चेहऱ्याचा. हा काळासावळा, बसक्या नाकाचा. गर्दीतल्या निम्म्या लोकांनी राणूला लहानपणापासून पाहिलेलं होतं. फुलवाली चिमाई एवढंच म्हणाली, “दर्यानं पार बदलून टाकलं गं लेकराला!” आणि ओवाळणी सुरू राहिली. आमचं शहर असं आहे. देवी म्हणते ते डोळ्यांपेक्षा खरं.

दुपारी ज्याला दादा म्हटलं, त्याचं ताट संध्याकाळी मी नवऱ्याच्या पाटापुढे मांडलं. चंदी खांबामागून बघत होती. तिनं विचारलं, “बाबा?” त्यानं घास करून तिच्यापुढे धरला. ती आली आणि खाल्ला.

बरेच दिवस तो देवळाच्या ओवरीतच झोपला. मग कधीतरी घरात झोपू लागला. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं कधी आवाज चढवला नाही, कधी उणं काढलं नाही. चंदीला पोहायला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं, पाठवणीच्या वेळी ढसाढसा रडला. मी त्याच्यावर जीव लावला, आणि जीव जडल्यावर तर आणखीच पंचाईत झाली. शेवंतीचा संसार मोडू नये म्हणून त्यानं तोंड मिटलं होतं. त्या मिटल्या तोंडाचं फळ मात्र मला मिळालं.

आत्याबाई त्यानंतर त्याच्यापुढे कधी पाटावर बसल्या नाहीत. त्याचं जेवण होईपर्यंत उभ्या राहायच्या. हात धडधाकट असूनही त्यांनी दोर सोडला आणि गाठकरणीचं काम माझ्याकडे दिलं. प्राण जायच्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि एकदाच खऱ्या नावानं हाक मारली, “हिराजी.” तो म्हणाला, “हां आई.” त्याला क्षमा म्हणायची की आणखी काय, मला माहीत नाही.

शेवंती दर मोसमाला वर यायची, विठूची गाठ मारायला. ती आली की हे कोठीत जाऊन बसत. पहिल्या वर्षी तिनं माझे दोन्ही हात धरले होते. “तुमचे मालक परत आले म्हणे! किती बरं वाटलं ऐकून. त्या दिवशी तुम्ही मला पाणी पाजलंत ते मी विसरले नाही.” कडेवरचं पोर खदाखदा हसत होतं. मी तिची ओटी भरली. कोठीचं दार लोटलेलं होतं. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, “निरगाठ मारली का तिनं? आवळून?”

“हो.”

“माझीही आवळूनच मारली होती,” म्हणाले आणि ताक मागितलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी देवळातून आले की ते एवढंच विचारत, “तिची?” मी म्हणायची, “गरम आहे.” मग ते न्याहारीला बसत. ज्या माणसानं ह्यांची जागा घेतली, त्याच्या जिवासाठी हे रोज काळजी करत. माझ्या ऐकण्यात याहून मोठी प्रार्थना नाही.

आज सकाळी विठूची गाठ गार लागली.

मी दोनदा हात लावला. मग तिथेच बसून राहिले. आत्याबाईंचा इतकी वर्षं मनात धरलेला राग होता, तो शोधला तर सापडेना. किती सोपं होतं ते. घरी जायचं आणि ‘गरम आहे’ म्हणायचं. ते न्याहारीला बसले असते, शेवंतीनंही आजचा दिवस सुखात काढला असता. आणि म्हाताऱ्या झालेल्या मलाही माझा माणूस राहिला असता. शेजारी एका नव्या नवरीची लाल चिंधीची गाठ होती. तिला हात लावला. ऊब होती, अजून पुरती होती.

मी उठले आणि विहिरीवर जाऊन तांब्या भरून घेतला.

हे ओसरीवर चंदीच्या मुलासाठी होडी कोरत बसले होते. “तिची?” त्यांनी मान वर न करता विचारलं. मी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नेहमी पाणक्या नेतो,” ते म्हणाले.

“आज तुम्ही न्या.”

“साळू, अगं...”

“तिला आज वर यावं लागेल गाठ सोडायला. चढ मोठा आहे. सोबत कुणीतरी हवं.”

त्यांनी होडी खाली ठेवली. मग वहाणा घातल्या आणि तांब्या उचलला. दाराशी थांबून त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. “तोंड झाकून जाऊ?”

“नको,” मी म्हटलं.

त्यांनी पंचा खुंटीला अडकवला आणि उतार उतरू लागले. पाणी सांडू नये म्हणून हळू चालत होते. वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत येऊन भाकरीचं पीठ काढलं. नेहमीसारखं दोघांपुरतं काढलं.